बैलं सोडू का?

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला चाळीस मीटरचा रेडिओ-पट्टा आमच्या गच्चीवर युरोप आणून सोडतो. सांगलीत उजाडायचं असतं, तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि दोन्हीकडच्या अंधारातून सात मेगाहर्ट्झचे सिग्नल फारसे न झिजता येतात. टाकीच्या खांबाला बांधलेली वीस मीटर तार, खालच्या खोलीत रिग म्हणजे रेडिओसंच, मोर्स पाठवायचं दोन पात्यांचं पॅडल आणि चहा. घर झोपलेलं असतं म्हणून कानाला हेडफोन. दिवसातला हा पाऊण तास मी कुणाला देत नाही.

त्या पहाटे बल्गेरियाचा एक हॅम सीक्यू देत होता, म्हणजे ‘कुणी असेल तर या’ अशी मोकळी हाक. हात इतका स्वच्छ की नुसतं ऐकत राहावं. त्याची हाक संपल्यावर मी माझी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, पाठवली. उत्तर लगेच आलं, पण त्याने मला ‘यूयू टू’ म्हणून हाक मारली होती. मी दुरुस्ती पाठवली. पुन्हा ‘यूयू टू’. तिसऱ्यांदा मुद्दाम सावकाश पाठवली, तोवर त्याचा आवाज खाली बसत चालला होता. त्याने सिग्नलचा रिपोर्ट दिला, सेव्हंटी थ्री म्हणून निरोप घेतला आणि पुढच्या हाकेकडे वळला. त्याच्या वहीत त्या पहाटे युक्रेनचं एक स्टेशन चढलं. मी चढले नाही.

मोर्समध्ये डि म्हणजे आखूड ठोका, त्यालाच डिट म्हणतात, आणि डा म्हणजे लांब. व्ही म्हणजे डि-डि-डि-डा आणि यू म्हणजे डि-डि-डा. पहिला डिट गळाला की व्हीचा यू होतो. आपल्याकडच्या नेहमीच्या कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात, आणि यूयू हा उपसर्ग युक्रेनला दिलेल्या मालिकेतला आहे. एका डिटाने देश बदलतो.

पहिल्यांदा वाटलं, त्याच्याकडे गडबड असेल. आठवड्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला युक्रेनमध्ये बसवलं तेव्हा मिरजेच्या काकांना फोन केला. काका ऐंशीच्या पुढचे, उमेदीत रेल्वेत तारबाबू होते. त्यांच्या कानावर मी माझ्या मीटरपेक्षा जास्त भरवसा ठेवते. ‘तू पाठव, मी ऐकतो,’ म्हणाले. दोन मिनिटं मी नुसती व्ही पाठवत राहिले. मग फोनवर आवाज आला, ‘अगं, तुझा पहिला डिट अर्धवट येतोय. जवळून मला कळतोय, लांबच्याला गोंगाटात कसा कळणार?’

मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो. ३० शब्दांना ४० चा. ऐकण्याकडून पाठवण्याकडे वळायला रिगला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ डिट मागे थोपवून धरायचा हे आतल्या सॉफ्टवेअरचं काम असतं. ते थोपवणं चुकलं की वळता वळता डिटाचं डोकं उडतं. माझ्या रिगमध्ये हा दोष पहिल्या दिवसापासून नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मी जो अपडेट टाकला होता, त्याच्याबरोबर तो आला. त्या अपडेटने स्पेक्ट्रमचा पडदा मधूनच गोठायचा तो गोठायचा थांबला आणि पहिला डिट गेला. मागच्या आवृत्तीवर परत जायची वाट ठेवलेली नव्हती.

मी बनवणाऱ्यांना लिहिलं. ऑसिलोस्कोपवर घेतलेलं चित्र जोडलं, आवृत्तीचा क्रमांक, वेग, सेटिंग, सगळं. दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी नम्र. आमच्या अभियंत्यांना कळवलं आहे, येत्या अपडेटमध्ये दुरुस्ती असेल. मला बरं वाटलं. त्यानंतर अकरा महिने काही नाही.

त्या अकरा महिन्यांबद्दलच मला लिहायचं आहे. रिगबद्दल नाही, रिग उत्तम आहे. मला छळत होता तो माझा स्वतःचा संताप. रोज सकाळी रेडिओ चालू करायच्या आधी मी त्यांचं डाउनलोडचं पान उघडायची. तारीख तीच. मग चिडायची, आणि त्या चिडीतच हेडफोन चढवायची. एकदा त्यांनी ‘या तिमाहीत’ असं लिहिलं होतं. तिमाही गेली. मग एका सकाळी पाहिलं तर ‘या तिमाहीत’ काढून तिथे ‘लवकरच’ केलेलं. त्या दिवशी तर मी पॅडलला हातच लावला नाही.

आणि मी काही उतावीळ बाई नाही. या छंदात उतावळं माणूस टिकतच नाही. परीक्षेसाठी मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स बसेपर्यंत मला सात महिने लागले. परवाना हातात यायला त्याहून जास्त. पहिलं क्यूएसएल कार्ड, म्हणजे आपण बोललो याची दोघांमधली छापील पावती, मला ब्यूरोमार्गे अडीच वर्षांनी मिळालं. शेकडो कार्डं साठली की गठ्ठा एका देशाच्या ब्यूरोकडून दुसऱ्या देशाच्या ब्यूरोकडे जातो, तिथे ती कॉलसाइननुसार निवडली जातात, मग माणसाकडे. अडीच वर्षं मी एकदाही चिडले नाही. कार्ड आलं त्या दिवशी आईने ते देवापुढे ठेवलं होतं.

सूर्यावरचे डाग तर अकरा-अकरा वर्षं वाट पाहायला लावतात. डाग वाढले की दहा मीटरसारखे पट्टे दूरवर बोलू लागतात, घटले की गप्प होतात. पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधीच्या ओहोटीच्या दोन-तीन वर्षांत दहा मीटरचा पट्टा दिवसचे दिवस मुका असायचा. आम्ही रोज जाऊन ऐकायचो, शिट्टीसुद्धा नाही, आणि शांतपणे चाळीसवर परत यायचो.

अंदमानची गोष्ट याहून मोठी. जगभरचे हॅम वेगवेगळे देश आणि बेटं गोळा करतात, आणि अंदमान-निकोबारला त्यांच्या यादीत स्वतंत्र जागा आहे. १९८७ नंतर तिथून कुणी बोललंच नव्हतं. सतरा वर्षं. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या तुकडीसह पोर्ट ब्लेअरला पोहोचल्या आणि व्हीयू फोर आरबीआय ही कॉलसाइन हवेत आली, तेव्हा तिच्यावर जगभरातून जी झुंबड उडाली ती काकांनी ऐकली आहे. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. मोहीम जागच्या जागी थांबवून त्याच रेडिओवरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. ज्यांचा नंबर लागायचा राहिला होता ते पट्टा मोकळा करून बाजूला झाले आणि पुन्हा वाट पाहत बसले. काका त्यांतलेच. दीड वर्षाने, २००६ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा तिथून मोहीम झाली तेव्हा त्यांना अंदमान मिळालं. ‘सतरा आणि दीड,’ ते अजून बोटांवर मोजून सांगतात, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नसतो.

तर अशी आम्ही माणसं. मग अकरा महिन्यांत मला काय झालं?

बरेच दिवस मी स्वतःला असं समजावत होते की हा पैशाचा प्रश्न आहे. सूर्याला मी पैसे दिलेले नाहीत, रिगला दीड लाख दिले आहेत. त्यात तथ्य आहेच. खोक्यावर जे छापलं ते खोक्यात असावं ही अपेक्षा साधी आहे. अलीकडे तर ‘ही सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असं सांगून रिग विकल्या जातात. माझं त्यावर स्पष्ट मत आहे: रिग घ्यायची ती आज आत काय आहे ते बघून. उद्याच्या आवृत्तीचे पैसे आज मोजू नयेत, आणि विकणाऱ्यानेही मागू नयेत. नव्याने परवाना मिळालेली मुलं मला विचारतात तेव्हा मी हे दरवेळी सांगते.

पण पैशाने सगळं उलगडत नाही. वीस वर्षांपूर्वी काकांनी पुण्यातल्या एकाकडून जुनी रिग घेतली, तिचा पाठवणारा ट्रान्झिस्टर उडाला, आणि तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळायला सहा महिने गेले. पैसे त्यातही अडकलेच होते. त्या सहा महिन्यांच्या आठवणी काका रंगवून सांगतात. रिगबरोबर सर्किटचा पूर्ण नकाशा आलेला होता, घडी घालून पुस्तकाच्या पाठीमागे. कुठला भाग गेला ते त्यांना माहीत होतं, काय मिळवायचं ते माहीत होतं, आणि मिळाल्यावर सोल्डरिंग आयर्न त्यांच्याच हातात असणार होतं. ती वाट बघणं म्हणजे त्यांचं कामच चाललेलं होतं.

माझ्या रिगचा दोष तांब्यापितळेत नाही. तो कुठल्या तरी ओळीत आहे, आणि ती ओळ मला दिसत नाही.

ही ओळ न दिसण्याची गोष्ट मला जास्त टोचते, कारण मी पोटासाठी त्याच ओळी लिहिते. गेली एकवीस वर्षं वजनकाट्याच्या इंडिकेटरचं फर्मवेअर लिहिण्यात गेली. साखर कारखान्याच्या दारातले ते मोठे काटे, ज्यांच्यावर उसाची अख्खी ट्रॉली चढते. खाली वजन जोखणारे लोडसेल असतात, त्यांच्यातून येणारा सिग्नल कधीच स्थिर नसतो. ट्रॉली डुलते, वारा लागतो, बैल पाय बदलतो. सॉफ्टवेअरने ती डोलणी पोटात घालून एक आकडा ठरवायचा. फार सावकाश ठरवला तर मागे रांग लागते, फार घाईने ठरवला तर आकडा चुकतो.

एका हंगामात माझ्याकडून तो घाईने ठरला. ऐन डिसेंबरात एका कारखान्यातून फोन आला, की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढला की आकडा वीस-तीस किलोंनी वरखाली होतोय. आमच्या भागात या गोष्टीला केवढी धार आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. ‘काटा मारतात’ हा शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी दुसऱ्या दिवशी दोष शोधला. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहिली. पण टाकता येईना. काट्याला सरकारी मोहर असते, इंडिकेटर उघडायचा म्हणजे सील तोडायचं, आणि मग प्रमाणित वजनं ठेवून पुन्हा तपासणी व मोहर. शिवाय माझ्या टेबलावर चालणारा कोड थंडीत, डिझेलच्या धुरात, चोवीस तास चालेल याची खात्री करायला हवी होती, कारण घाईची एक चूक आधीच झाली होती. त्यात अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत कारखान्याने आकडे हाताने पडताळायला सुरुवात केली, एकेक गाडी दोनदा काट्यावर चढवायची. रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

आणि मी फोन उचलायचं टाळलं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. मला वाटायचं, सांगायला काहीच नाही तर काय सांगू? काम झालं की सांगेन.

शेवटी एका रात्री कारखान्यावर गेलेच. अकरा वाजून गेले होते. यार्डात पिवळे दिवे, मळीचा आंबूस वास, आणि ओळीने बैलगाड्या. एका गाडीवान माणसाने मला लॅपटॉप घेऊन काट्याच्या केबिनमध्ये जाताना पाहिलं. बीडकडचा असावा, बोलण्यावरून. उतरून पुढे आला. मला वाटलं, आता हा बोलणार, ऐकून घ्यायला हवं. टनावर मजुरी असते त्यांची, आणि रांगेत ऊस वाळतो तसं वजन उतरतं.

तो म्हणाला, ‘ताई, आज हुतंय का उद्याच्याला? उद्या आसंल तर बैलं सोडतो.’

मी मागे पाहिलं. बैल जुंपलेलेच होते. रांग कधीही दहा पावलं सरकेल म्हणून गाडीवानाने तीन तास जू उतरवलं नव्हतं. भरल्या गाडीचं जू मानेवर घेऊन ते दोघं उभे होते, खाली मान घालून. सोडायचं तर गाडीला टेकू लावायचा, बैल बाजूला घ्यायचे, वैरण टाकायची, पाणी दाखवायचं. त्याला ते सगळं करता येत होतं. करता येत नव्हतं कारण त्याला माहीत नव्हतं.

‘उद्या. दुपारनंतर,’ मी म्हटलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. मागच्या गाड्यांना त्याने ओरडून सांगितलं. दहा मिनिटांत सगळ्या रांगेतली जुवं उतरली होती. कुणी चिडलं नाही. चुली पेटल्या, कुणी तरी मोबाइलवर भारूड लावलं. वीस तास अजून थांबायचं होतं त्यांना, तेच वीस तास.

माझ्या अकरा महिन्यांत मी त्या यार्डाकडे वळून पाहिलंच नव्हतं. ते आठवलं काकांमुळे, आणि तेही वेगळ्याच वाटेने.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसून बनवणाऱ्यांना शिव्या घालत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर बोटाने वाजवलं: डि-डा-डि-डि-डि. ए आणि एस मधे जागा न सोडता जोडून वाजवले की मोर्समध्ये त्याचा अर्थ ‘थांबा’. आम्ही हॅमसुद्धा वापरतो, दारावरची बेल वाजली, दूध उतू चाललं, की एएस. काका म्हणाले, ‘आम्ही रेल्वेत नुसता एएस द्यायचो नाही. पुढे आकडा द्यायचो. एएस पाच, म्हणजे पाच मिनिटं. समोरचा तेवढ्यात विडी ओढून यायचा. पाच मिनिटांत नाही जमलं तर परत एएस, परत आकडा. आकडा चुकला तर माफ होतं गं. गप्प बसणं माफ नव्हतं. लाइनवर कोण गप्प बसला तर आम्ही समजायचो, तार तुटली.’

तार तुटली. मी रोज सकाळी ते पान उघडून नेमकं हेच तपासत होते, की पलीकडे कुणी आहे का अजून. दुरुस्ती आज आली नाही याचं दुःख फार थोडं होतं. जू मानेवर होतं याचं जास्त.

आणि पलीकडे काय चाललं असेल ते मला बसल्या जागी सांगता येत होतं. असल्या रिगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं मूठभर असतात, हॅमची बाजारपेठ मोबाइलपुढे काहीच नाही. त्यांतला एखादा नोकरी सोडून गेला असेल. पहिल्या डिटाची दुरुस्ती केल्यावर आवाजाच्या मोडमध्ये काही बिघडलं असेल. कुणी तरी रात्री अकराला ऑसिलोस्कोपसमोर बसलं असेल, आणि त्यालाही वाटत असेल, काम झालं की सांगेन. मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याच्या जागी मी अठरा दिवस बसलेली आहे. पण त्याने फोन उचलावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच्या वरच्यांनी त्याला उचलू द्यावा असं त्याहून जास्त. बहुतेक ठिकाणी ‘अजून झालेलं नाही’ हे वाक्य बाहेर जाऊ देण्याची परवानगी नसते. गिऱ्हाईक बिथरेल अशी भीती असते. गिऱ्हाईक बिथरतं ते ‘लवकरच’ने.

याच छंदात उलटी उदाहरणं आहेत म्हणून तर बोलायला जोर येतो. जो टेलर हे खगोलशास्त्रज्ञ, जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्याबरोबर मिळालेले, आणि स्वतः हॅम, के वन जेटी. स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये एफटी एट नावाची पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, फक्त ५० हर्ट्झची रुंदी, आणि कानाला ऐकूही येणार नाही एवढ्या क्षीण सिग्नलमधून संगणक संदेश उचलतो. बघता बघता जग त्यावर गेलं. मग त्यांना संदेशाची रचनाच बदलावी लागली, ७५ बिटांवरून ७७. जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती एकमेकींना वाचू शकणार नव्हत्या. म्हणजे सगळ्या जगाने एकदम बदलायचं. डिसेंबर २०१८ मध्ये नवी आवृत्ती आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते सांगत होते: काय बदलतंय, का बदलतंय, चाचणीत काय सापडलं, आणि १ जानेवारी २०१९ पर्यंत सगळ्यांनी इकडे या. मधल्या दिवसांत पडद्यावर निम्मे सिग्नल दिसायचे पण वाचले जायचे नाहीत. शेजारी बोलतोय, आपल्याला कळत नाही. तरी मी कुणाला चरफडताना पाहिलं नाही. सॉफ्टवेअर फुकट होतं, खरं आहे. पण त्याहून महत्त्वाचं, तारीख सगळ्यांना पाठ होती.

दुसरं उदाहरण काकांच्याच टेबलावर आहे. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू टू ईएसई, यांनी रचलेला मायक्रोबिटएक्स हा छोटा रेडिओसंच. २०१७ च्या अखेरीला तो मिळायला लागला, साधारण दहा वॉटचा, उघड्या पाटीचा, आणि त्याच्या डोक्यात आर्डुइनो नॅनो नावाचा एक चिमुकला संगणक. सर्किट सगळ्यांसमोर, कोड सगळ्यांसमोर. त्यात दोष नव्हते असं नाही, भरपूर निघाले. पण ते निघाले तसे कुणी जर्मनीत दुरुस्त केले, कुणी केरळात. काकांना त्यातली मोर्सची वळणवेळ आवडत नव्हती. मी एका रविवारी दुपारी, पुरणपोळी खाऊन, तीन ओळी बदलून दिल्या. काकांनी व्ही पाठवून पाहिला आणि म्हणाले, ‘आला बघ पहिला.’

मोठ्या रिगचं असं तीन ओळींत होत नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्यात दुसऱ्यांकडून विकत घेतलेले कोडचे भाग असतात, ते उघडे करता येत नाहीत. चिपच बदलली तर अर्धा कोड बदलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिपकारखान्याला आग लागली, आणि तिथल्या चिपांवर अवलंबून असलेली ऑडिओची आणि रेडिओची उपकरणं कुठल्या कुठे अडकली. पण ज्या रिगचं उत्पादन बंद झालं, जिच्यासाठी कुणी आता काही लिहिणार नाही, तिच्या निदान त्या ओळी आम्हाला द्याव्यात. घडी घालून पुस्तकाच्या पाठीमागे नकाशा द्यायचे तशा. ही मागणी मी सोडणार नाही.

मधल्या काळात मी दोषाभोवतून वाट काढली होती. जुन्या बाजारातून शिलाई मशीनचं पायाचं पॅडल आणलं, त्यातला वेग कमी-जास्त करायचा भाग काढून आत साधा स्विच बसवला, आणि तो रिगच्या मागच्या जागेत जोडला. पाय दाबला की रिग पाठवण्याकडे वळून उभी राहते. मग मी सावकाश पहिला डिट देते, आणि तो अख्खा जातो. सवय व्हायला पंधरा दिवस लागले. सुरुवातीला पाय आणि बोटं भांडायची. शिवाय दोन अक्षरांच्या मधे समोरच्याला ऐकण्याची जी मजा होती, ती गेली, कारण पाय दाबलेला असेपर्यंत रिग ऐकत नाही. माझ्या आईने हे पॅडल पाहून विचारलं, ‘शिवायला कधी शिकलीस?’ मी तिला सगळं सांगितलं. तिला मोर्स येत नाही, पण तिने विचारलं ते बरोबर होतं: ‘त्यांना सांगितलंस का, की तू असं पायाने भागवतेयस?’

नव्हतं सांगितलं. मीही लाइनवर गप्पच होते. अकरा महिन्यांपूर्वीचं एक पत्र, त्यानंतर फक्त पान उघडून बघणं. त्या रात्री मी दुसरं पत्र लिहिलं. राग त्यात ठेवला नाही, आठवणही करून दिली नाही. पायाच्या पॅडलचा फोटो जोडला, पाय दाबल्यापासून किती मिलिसेकंदांनी डिट पूर्ण येतो ती मापं जोडली, म्हणजे त्यांना वळायच्या वेळेचा अंदाज येईल. आणि शेवटी एकच विचारलं: हे काम या वर्षी होणार नसेल तर तसं सांगा, मला चालेल, मी माझी तशी व्यवस्था करते.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. या वेळी खाली विभागाचं नाव नव्हतं, माणसाचं होतं. तुमची मापं उपयोगी पडली, असं त्याने लिहिलं होतं. कारण सापडलं आहे. दुरुस्ती केली तर दुसऱ्या एका मोडमध्ये पाठवण्याची सुरुवात बिघडते, ते सोडवायचं बाकी आहे. मार्चच्या आधी होणार नाही. मार्चमध्ये नाही झालं तर मी लिहीन.

पत्र आलं ते सप्टेंबरच्या शेवटी, पितृपंधरवड्यात. मार्चला सहा महिने होते. मी पत्र दोनदा वाचलं, काकांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून काही शब्द आले नाहीत, फक्त रिसीव्हरवर नखाने वाजवलेलं ऐकू आलं: डि-डा-डि-डि-डि, आणि मागून सहा, डा-डि-डि-डि-डि.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते पान उघडलं नाही. पट्टा तसा मंदच होता, वर पाऊस लागलेला, कानात कडकडाट. म्हणून कपाटातून कार्डांचा खोका काढला. दीड वर्षाची क्यूएसएल कार्डं भरायची राहून गेली होती, वही उघडून मोजली तर त्रेसष्ट. तारीख, वेळ, पट्टा, मोड, रिपोर्ट, सही. पाचवं की सहावं कार्ड त्या बल्गेरियावाल्याचं निघालं. त्याची वेळ मला न बघता आठवत होती. शेऱ्याच्या रकान्यात जागा कमी असते, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: आपल्या वहीत यूयू असेल, ते व्हीयू आहे, पहिला डिट माझ्याकडून गेला होता, कृपया दुरुस्त करावं. शाई वाळेपर्यंत कार्ड बाजूला ठेवलं आणि पुढचं घेतलं.